लॉगरिदमला घाबरलेला मुलगा आणि सुगरणीचे खोपे

नोव्हेंबर जवळ आला की शाळांमध्ये पक्षी सप्ताहाचं परिपत्रक येतं. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा, म्हणून महाराष्ट्रात हा आठवडा पक्ष्यांच्या नावे केलेला आहे. फळ्यावर रंगीत खडूनं मोर काढला जातो, एखादी मुलगी पाठ केलेलं भाषण म्हणते, टाळ्या होतात आणि पुढच्या तासाला आम्ही पुन्हा अपूर्णांकांकडे वळतो. आपल्या घरांमध्ये सलीम अलींचं नाव मोठ्या अभिमानानं घेतलं जातं. पण या माणसाला गणित जमत नव्हतं, गणिताच्या धास्तीनं त्यानं कॉलेज सोडलं, ही गोष्ट भाषणात कधी येत नाही. मला वाटतं, आपल्या मुलांना तीच आधी सांगायला हवी.

मी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत गणित आणि विज्ञान शिकवतो. मागच्या वर्षी पहिल्या चाचणीनंतर आठवीतल्या एका मुलाचे अब्बा भेटायला आले. पोराला गणितात वीसपैकी चार मिळाले होते. आठवी झाली की त्याला गॅरेजवर बसवतो, सर, तुम्ही उगाच त्याच्यामागे लागू नका, असं त्यांचं म्हणणं. आवाजात राग नव्हता. ठरलेली गोष्ट कळवायला आले होते. मी काहीतरी बोललो, शिष्यवृत्तीचं वगैरे, पण ते माझं मलाच पटलं नाही. चहा पिऊन ते निघून गेले. त्या रात्री मी कपाटातलं सलीम अलींवरचं जुनं पुस्तक काढलं. का काढलं, ते नीट सांगता येणार नाही.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १८९६ चा, मुंबईतल्या एका सुलेमानी बोहरा घरातला. भावंडांत सगळ्यात धाकटे. एक वर्षाचे असताना वालिद गेले आणि तीन वर्षांचे असताना वालिदाही. यतीम झालेल्या या मुलाला आणि त्याच्या भावंडांना मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या आपल्या घरी वाढवलं. या दोघांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. स्वातंत्र्यलढ्यातले अब्बास तय्यबजी याच घराण्यातले. म्हणजे खाऊनपिऊन सुखी, शिकलेलं घर होतं. तरीही शाळेत या मुलाचं काही खरं नव्हतं. आधी गिरगावातल्या मिशनच्या मुलींच्या शाळेत बहिणींसोबत, मग सेंट झेवियर्स हायस्कूलमध्ये. तेराव्या वर्षाच्या सुमारास डोकं दुखायला लागलं, ते थांबेना. वारंवार शाळा बुडायची. हवापालट म्हणून सिंधमध्ये एका नातेवाइकाकडे पाठवलं. शेवटी १९१३ मध्ये मॅट्रिक झाला, तोही कसाबसा.

आता जी गोष्ट सांगतो ती बऱ्याच जणांनी ऐकली असेल. मामूंनी या मुलाला छऱ्याची बंदूक दिली होती. त्या काळी मोठ्या घरांतून शिकार हा शौकच होता. दहा-बारा वर्षांच्या सलीमनं एक दिवस चिमणी पाडली आणि उचलून बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग, जणू कालवणाचा शिंतोडा उडालाय. नेहमीची चिमणी अशी नसते. मग मुसलमानाच्या घरातल्या मुलाला पडावा तोच प्रश्न पडला : हा पक्षी आपण खाऊ शकतो का? तो चिमणी घेऊन मामूंकडे गेला. मामू बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनाही पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी उत्तर बनवून सांगितलं नाही, मुलाला गप्पही केलं नाही. सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावानं चिठ्ठी दिली आणि जाऊन विचार म्हणून सांगितलं.

या चिठ्ठीपाशी मी दरवेळी थांबतो. वीस वर्षांत मुलांनी मला असे किती प्रश्न विचारले असतील आणि त्यातल्या कितींना मी चिठ्ठी लिहून दिली? बहुतेकांना आधी पोर्शन पूर्ण करू, असंच सांगितलं आहे.

छोटा सलीम घाबरत घाबरत त्या इंग्रज साहेबाच्या दारात गेला. मिलार्डनी पक्षी ओळखला, ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी होती. मग त्यांनी सोसायटीतली कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. त्यातलं एक ई. एच. एटकेन यांचं मुंबईच्या पक्ष्यांवरचं. हे एटकेन आपल्या साताऱ्यात जन्मलेले. पक्ष्याचं कातडं कसं काढायचं, जपून कसं ठेवायचं, नोंद कशी करायची, हेही मुलाला तिथेच शिकायला मिळालं.

नोंदीची सवय मात्र याआधीपासूनची दिसते. लहानपणीच्या त्यांच्या वहीत तबेल्यातल्या चिमण्यांची एक नोंद आहे. भिंतीच्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर चिमणा राखण करतोय. सलीमनं बग्गीच्या आडून चिमण्याला पाडलं. थोड्या वेळात तिथे दुसरा चिमणा येऊन बसला. त्यालाही पाडलं. तिसरा आला. सात दिवसांत आठ चिमणे. हे वाचताना मला त्रास होतो आणि वर्गात सांगताना मी आधीच बजावतो, की आज असं कोणी करायचं नाही, तो कायद्यानंही गुन्हा आहे. पण शिक्षक म्हणून मला त्या वहीतले आकडे सोडवत नाहीत. सात दिवस, आठ नर. मुलगा नुसते नेम धरत नव्हता, मोजतही होता. आकडा लिहून ठेवल्यामुळेच त्या नोंदीला पुढे अर्थ आला : जोडीदार नसलेले नर आसपास वाट बघत असतात, जागा रिकामी झाली की येतात. मोठेपणी त्यांनी ती नोंद छापू दिली तेव्हा त्यात दुरुस्ती करायची फारशी गरज पडली नाही.

आता कॉलेजकडे येऊ. मॅट्रिकनंतर सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं. पहिल्याच वर्षी लॉगरिदम समोर उभे राहिले. नव्या पोरांना सांगतो, लॉगरिदम म्हणजे मोठमोठे गुणाकार बेरजेवर आणण्याची युक्ती. कॅल्क्युलेटर नव्हते तेव्हा त्याचे कोष्टक घेऊन बसावं लागे. सलीमला ते झेपलं नाही आणि त्यानं सरळ कॉलेज सोडून ब्रह्मदेश गाठला. तिथे तावॉय भागात घरच्यांचा वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा कारभार होता. पुढे स्वतःच्या आत्मचरित्रात त्यांनी हे पळून जाणं काहीही न लपवता लिहिलं आहे. कारभारात लक्ष किती होतं कोण जाणे, पण भोवतालच्या जंगलात मात्र भरपूर हिंडले.

१९१७ मध्ये मुंबईला परतल्यावर डावर्स कॉलेजात हिशेब आणि व्यापारी कायदा शिकायला बसले. झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी या तरुणाची खरी ओढ ओळखली आणि प्राणिशास्त्राचा अभ्यास करायला लावला. सकाळी हिशेब, नंतर प्राणिशास्त्र. डिसेंबर १९१८ मध्ये नात्यातल्याच तहमीनांशी निकाह झाला. मामू, मिलार्ड, ब्लॅटर आणि तहमीना ही चार माणसं काढून टाकली तर सलीम अली उरतात का, याची मला शंका आहे. आपल्याकडे मोठ्या माणसाची गोष्ट सांगताना तो एकटाच लढला असं सांगायची पद्धत पडली आहे.

ब्रह्मदेशातला धंदा पुढे बुडाला. विद्यापीठाची पदवी नव्हती, त्यामुळे सरकारी संस्थेत पक्षीशास्त्रज्ञाची नोकरी मिळेना. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, महिना ३५० रुपयांवर गाइड लेक्चररची जागा मिळाली. काम काय, तर शाळेच्या मुलांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना प्राणी-पक्ष्यांची दालनं दाखवायची, समजावून सांगायचं. म्हणजे एका अर्थी आमचाच पेशा. पण काचेमागचे पक्षी दाखवून त्यांचं मन भरेना. १९२८ मध्ये रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठाच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान नावाचे मोठे उस्ताद भेटले. हेलगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची अंगठी घालून सोडायचं तंत्र पाहायला मिळालं. १९३० मध्ये परत आले तर म्युझियमची ती जागाच रद्द झालेली. निधी नाही, असं कारण.

चौतिशीतला माणूस, पदवी नाही, नोकरी नाही. मुंबईत राहणं परवडेना म्हणून नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला समुद्रकाठी राहायला गेले. पावसाळा आला. घराजवळ सुगरण पक्ष्यांनी खोपे विणायला सुरुवात केली. बिनकामाचा माणूस रोज त्यांच्यासमोर तासन्‌तास बसू लागला.

इथे थोडं विषयांतर. या पक्ष्याला उर्दूत आपण बया म्हणतो, मराठीत सुगरण. शेजारच्या खानदेशातल्या बहिणाबाईंची खोप्यावरची कविता आपल्या सगळ्यांच्या पाठ्यपुस्तकात होती. मराठी नावावरून मुलांना वाटतं की विणणारी मादीच असणार. प्रत्यक्षात सगळं विणकाम नराचं. गवताची, भाताच्या किंवा ताडा-शिंदीच्या पानांची लांब चिरफळी चोचीनं फाडून आणायची, गाठ मारायची, ओवायची. एक खोपा पुरा करायला साधारण १८ दिवस आणि पाचशेपर्यंत फेऱ्या लागतात. खोपा अर्धा झाला, उलट्या टोपीसारखा दिसायला लागला, की माद्या बघायला येतात. मादीला पसंत पडला तर ती तिथे राहते आणि नर पुढची नळी विणून देतो. पसंत नसेल तर खोपा तसाच लटकत राहतो.

इतकं लोकांना थोडंफार ठाऊक होतं. सलीम अलींनी कोणता नर, कोणता खोपा, मादी कधी आली, अंडी कधी घातली, हे रोजच्या रोज लिहून ठेवलं. नोंदी शेजारी शेजारी मांडल्यावर जे दिसलं ते नवं होतं. एका मादीनं खोपा घेतला की तोच नर जवळच दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. मग जमलं तर तिसरा. एकाच मोसमात एकापाठोपाठ एक असे त्याचे दोन-तीन संसार. अंडी उबवायचं काम मादीकडे. त्यांचा हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या पक्षीशास्त्रज्ञांना या माणसाचं नाव कळलं. प्रयोगशाळा नव्हती, यंत्रं नव्हती. वही, पेन्सिल, दुर्बीण आणि भरपूर रिकामा वेळ. आणि मोजदाद. लॉगरिदमला घाबरून पळालेला माणूस किहीमच्या पावसात बसून गणितच करत होता, फक्त त्याला तसं कोणी म्हणत नव्हतं.

हे वाचून मी आठवीच्या वर्गाला बाहेर काढायचं ठरवलं. बीएडला असताना कृतियुक्त शिक्षणावर आम्हाला खंडीभर तास झाले होते, सगळे बंद खोलीत. आमच्या गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या विहिरीवर बाभूळ झुकलेली आहे, तिला दरवर्षी खोपे लागतात. शेतकऱ्यानं परवानगी दिली. विहिरीला कठडा नाही, म्हणून दहा पावलांवर दोरी बांधली आणि दोरीच्या पुढे कोणी जायचं नाही असं ठरलं. मुलींना पाठवायला घरचे तयार नव्हते. मग दोन मुलींच्या अम्मी सोबत आल्या आणि प्रश्न मिटला.

पहिला दिवस वाया गेला. मी झाडाची उंची सावलीवरून काढायचं योजलं होतं : एक मीटरची काठी रोवायची, तिची सावली मोजायची, झाडाची सावली मोजायची, प्रमाण मांडायचं. आभाळ असं भरून आलं की कसलीच सावली पडेना. मुलं हसली. जुलै महिन्यात सावलीचा धडा घ्यायला निघालेला मास्तर! दुसऱ्या दिवशी चौकोनी कागदाची कर्णावर घडी घालून त्रिकोण केला. एक बाजू आडवी धरायची, कर्णावरून शेंडा दिसेपर्यंत मागे सरकायचं. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर अधिक आपल्या डोळ्यांची उंची, झाली झाडाची उंची. सूर्य लागत नाही. हजार वर्षांपूर्वी अल-बिरुनीनं पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून याच जातीच्या युक्तीनं, कोन मोजून, पृथ्वीची त्रिज्या काढली होती, हे सांगितलं तेव्हा वीसपैकी चारवाला मुलगा कागद डोळ्याला लावून बराच वेळ उभा होता. मग त्यानं विचारलं, घडी थोडी चुकली तर उंची किती चुकेल? हा प्रश्न पुस्तकातल्या स्वाध्यायात नाही.

त्याच मुलानं खोपे मोजले. एकूण १९. पुरे ११, टोपीच्या अवस्थेत सोडलेले ८. एकोणिसातले आठ म्हणजे शेकडा किती, हे त्यानं मातीत काडीनं करून दाखवलं, बेचाळीस. मग दिशा. किब्ला कोणत्या बाजूला हे आमच्या प्रत्येक मुलाला झोपेतही सांगता येतं. आपल्याकडून तो साधारण पश्चिमेला. तिकडे पाठ केली की समोर पूर्व. बघितलं तर बहुतेक खोपे झाडाच्या पूर्वेच्या अंगाला. असं का? मुलांनी बरेच अंदाज केले. सोबत आलेल्या एका अम्मीनं, ज्या रोज निंदणीला जातात, सरळ सांगितलं की पाऊस मावळतीकडून झोडपतो, मग कोणी दार त्या बाजूला टांगेल का? नैऋत्य मोसमी वारे या धड्यावर मी दोन तास घेतले असते.

लोणारची सहल मात्र आम्ही अजून तशीच काढतो. उल्केनं पडलेला तो खळगा साधारण १.८ किलोमीटर व्यासाचा आहे, काठावर उभं राहून परीघ काढायला सांगावं असं ठिकाण, आणि आम्ही मुलांना फोटो काढून डबे खायला लावून परत आणतो. यात माझाही दोष आहे.

सलीम अलींकडे परत येतो. किहीमनंतर त्यांनी एक धाडस केलं. संस्थानांना कळवलं की तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी मी विनावेतन करतो, तुम्ही फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या. निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पाहणी १९३१-३२ मध्ये झाली. आपल्या बुलडाण्याला लागून असलेला जालना, औरंगाबादचा मुलूख तेव्हा निजामाकडे होता. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. तंबू, बैलगाडी, धूळ. तहमीना सोबत असायच्या आणि मुक्कामाचं सगळं त्याच बघायच्या. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा इंतकाल झाला. सलीम अली मोडून पडले. नंतर ते बहीण आणि मेहुण्यांकडे राहिले, पुन्हा लग्न केलं नाही.

दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ निघालं. हे पुस्तक मी गणिताच्या तासाला वापरतो, याचं लोकांना नवल वाटतं. त्यात प्रत्येक पक्ष्याचा आकार सामान्य माणसाच्या ओळखीच्या पक्ष्यांवरून सांगितला आहे. चिमणी, बुलबुल, मैना, कबुतर, कावळा, घार अशी एक चढती फूटपट्टीच. आणि नेमका तेवढा नसेल तर पुढे अधिकचं किंवा उण्याचं चिन्ह. चिमणी अधिक म्हणजे चिमणीहून थोडा मोठा, चिमणी उणे म्हणजे थोडा लहान. सातवीच्या मुलांना ऋण संख्या कशाला लागतात हे पटवून देताना घाम फुटतो. उधारीची उदाहरणं देऊन झाली, तापमानाची देऊन झाली (आमच्याकडे शून्याखाली पारा कोणी पाहिलाय?). शाळेच्या कुंपणावरचा शिंजीर दाखवला आणि विचारलं, हा कोण? चिमणी उणे, असं सगळे ओरडले. मग चिमणी साधारण १५ सेंटिमीटर, मैना २३, घार ६० च्या आसपास, असे आकडे दिले. एका घारीत किती चिमण्या? चार. गुणोत्तराचा धडा तिथेच सुरू झाला.

एक मुलगी म्हणाली, सर, हुदहुद केवढा असतो? सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या किश्श्यातला हुदहुद सगळ्यांना माहीत आहे, पण तो दिसतो कसा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मी मैदानाकडे बोट दाखवलं. डोक्यावर तुरा, लांब वाकडी चोच, जमिनीत किडे शोधत तो आमच्या मैदानावर जवळजवळ रोज फिरत असतो. पोरं थक्क झाली. ज्याची गोष्ट ऐकत लहानाचे मोठे झालो तो खिडकीबाहेर होता. मैनेएवढा, असं पुष्कळ वाद घालून ठरलं.

पुढचं आयुष्य बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. हेलगोलँडला पाहिलेलं अंगठीचं तंत्र त्यांनी भरतपूर आणि कच्छमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरलं. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडताप आढळला, त्याच्या गोचिडी पाहुणे पक्षी आणतात का असा संशय होता, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचं साहाय्य मिळालं. पक्ष्याच्या पायात हलकी अंगठी, तिच्यावर क्रमांक आणि सापडल्यास मुंबईच्या सोसायटीला कळवा अशी सूचना. हजारो मैलांवर कुठे कोणाला तो पक्षी सापडला की पत्र यायचं. सोडल्याची तारीख, सापडल्याची तारीख, दोन गावांमधलं अंतर. वेग, वेळ, अंतर ही त्रिराशी आमची मुलं दोन आगगाड्यांवर सोडवतात. हिवाळ्यात आपल्या अंगणात शेपटी हलवत येणारा पांढरा-करडा धोबी पक्षी उत्तरेकडून किती उडून आला, यावरही सोडवता येते.

एस. डिलन रिप्ली यांच्यासोबत त्यांनी भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला. मोटारसायकलचं त्यांना भारी वेड. १९५० मध्ये स्वीडनला पक्षीशास्त्रज्ञांच्या परिषदेला जाताना स्वतःची सनबीम गाडी जहाजावर घालून नेली आणि युरोपभर फिरवली. वय त्रेपन्न. (गॅरेजवाल्या अब्बांना ही गोष्ट सगळ्यात आवडली.) १९५८ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी अलीगढ मुस्लीम विद्यापीठानं मानद डॉक्टरेट दिली. आपण त्यांच्या नावामागे जे डॉक्टर लावतो, ते असं मानानं आलेलं आहे. परीक्षा देऊन मिळवलेली साधी पदवीसुद्धा त्यांच्याकडे नव्हती. १९७६ मध्ये पद्मविभूषण. त्याच सुमारास पॉल गेटी पुरस्काराचे ५० हजार डॉलर मिळाले, ते त्यांनी सोसायटीच्या निसर्ग संरक्षणाच्या कामाला देऊन टाकले. केरळच्या सायलेंट व्हॅलीत धरण होऊ नये म्हणून उतारवयातही बोलत राहिले. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली आणि आत्मचरित्रही आलं. त्याचं नाव त्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीवरूनच, ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं, तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते.

तो मुलगा सध्या नववीत आहे. अब्बांनी गॅरेजचं पूर्ण सोडलेलं नाही, संध्याकाळी दोन तास तो तिथे बसतो, आणि पान्यांचे आकडे त्याला आता वर्गातल्या इतरांपेक्षा चांगले कळतात. गणितात फार मोठी उडी मारली असं नाही, मागच्या चाचणीत वीसपैकी नऊ आले. पण खोप्यांची वही त्याच्याकडेच असते. या वर्षी त्यानं एक नवा रकाना पाडला आहे : मागच्या वर्षीच्या किती फांद्यांवर पुन्हा खोपे लागले.

त्यासाठी आम्हाला एकच विहीर पुरत नाही. बुलडाणा, चिखली, मेहकरकडच्या ज्या भावांच्या शेतात विहिरीवर किंवा ओढ्याकाठच्या बाभळीवर खोपे असतील, त्यांनी नुसतं मोजून जवळच्या शाळेतल्या शिक्षकाला सांगावं : पुरे किती, अर्धे किती, कोणत्या बाजूला. विणीच्या दिवसांत खोप्याला हात लावू नका, पोरांना दगड मारू देऊ नका. दिवाळीनंतर वाऱ्यानं एखादा रिकामा खोपा खाली पडलेला दिसला तर जाळू नका, शाळेत पाठवून द्या. आमच्या मुलांना तो उसवून आतल्या चिरफळ्या मोजायच्या आहेत.